जाहिराती बंद करण्याआधी त्या येतात कुठून ते शोधा: फोन आणि कॉम्प्युटर साफ करण्याचा योग्य क्रम

फोनवर जाहिरातींचा सुळसुळाट झाला की बहुतेक जण प्ले स्टोअरमध्ये जाऊन ‘क्लीनर’ शोधतात आणि पहिलं दिसेल ते ॲप टाकतात. बऱ्याचदा तेच ॲप नव्या जाहिराती घेऊन येतं. काही जण वैतागून फोन रीसेट करतात. मग बॅकअपमधून सगळी ॲप्स परत आणली की ज्या ॲपमुळे त्रास होता तेही परत येतं, आणि मधल्या मधे न जपलेले फोटो मात्र जातात.

चूक उपायात कमी आणि क्रमात जास्त असते. जाहिराती चार वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि प्रत्येक वाट बंद करायची जागा वेगळी आहे. ब्राउझरमध्ये ब्लॉकर टाकून ॲपची जाहिरात थांबत नाही. ॲप काढून वेबसाइटची नोटिफिकेशन थांबत नाही. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा, आणि एका टप्प्याचा परिणाम पाहिल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

मेनूची नावं फोनच्या कंपनीप्रमाणे थोडी बदलतात. दिलेलं नाव सापडलं नाही तर सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत ते नाव टाका. जागा शोधायचा तोच सर्वांत सोपा मार्ग आहे.

सुरुवात करण्यापूर्वी

एक दिवस काहीही बदलू नका. जाहिरात आली की तिचा स्क्रीनशॉट घ्या. त्या वेळी फोनवर काय चालू होतं तेही लिहून ठेवा: बातमी वाचत होता, गेम चालू होता, की फोन नुसता टेबलावर पडलेला होता. पुढचं सगळं निदान या नोंदीवर उभं आहे.

फोन आईवडिलांचा किंवा शेजारच्या काकांचा असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि ते रोज कोणती ॲप्स वापरतात ते विचारा. पंचांगाचं ॲप, भजनांचं ॲप, बँकेचं ॲप आपल्याला फालतू वाटलं तरी त्यांच्या रोजच्या सवयीचं असतं. न विचारता काढलं तर ते पुन्हा शोधायला जातील आणि त्याच नावाचं भलतंच काहीतरी टाकून बसतील.

आणखी तीन गोष्टी: गूगल खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा, फोटोंचा बॅकअप झालाय का पाहा, आणि सिस्टीम अपडेट अडकून पडलं असेल तर ते आधी होऊ द्या.

टप्पा १: जाहिरात कोणत्या वाटेने आली ते ओळखा

स्क्रीनशॉट समोर ठेवून यातलं काय जुळतं ते बघा.

१. वरून खाली ओढायच्या पडद्यात, मेसेज यावा तशी जाहिरात आली: ही बहुधा एखाद्या वेबसाइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी. उपाय टप्पा २ मध्ये.

२. तुम्ही काहीही उघडलेलं नसताना किंवा भलतंच ॲप चालू असताना पूर्ण स्क्रीनभर जाहिरात आली: फोनमधलं एखादं ॲप. टप्पा ३.

३. लॉक स्क्रीनवर, फाइल मॅनेजरमध्ये किंवा फोनसोबतच आलेल्या ब्राउझरमध्ये जाहिरात आली: फोनच्या कंपनीने बसवलेली व्यवस्था. टप्पा ४.

४. वेबसाइट वाचताना ओळींच्या मध्ये, कडेला, खाली चिकटून: ही त्या पानावरची जाहिरात. टप्पा ५ आणि ६.

एकाच फोनवर चारही वाटा उघड्या असू शकतात. तरीही पहिल्या दोन आधी बंद करा, कारण फसवणुकीचे बहुतेक सापळे तिथूनच येतात.

टप्पा २: वेबसाइटच्या नोटिफिकेशन

हा सापळा कसा लावतात ते नीट समजून घ्या. निकाल, सातबारा, सिनेमा किंवा क्रिकेटचा थेट सामना शोधताना एक पान उघडतं. पान अर्धवट दिसतं, मधोमध गोल फिरत असतं आणि लिहिलेलं असतं की तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी ‘अलाउ’ दाबा. खऱ्या पडताळणीत ‘अलाउ’ कधीच दाबावं लागत नाही. तिथे चित्रं निवडायची असतात किंवा चौकटीत खूण करायची असते. ‘अलाउ’ दाबलं की त्या साइटला तुमच्या फोनवर हवं तेव्हा संदेश पाठवायची मुभा मिळते. मग ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडले, आत्ता साफ करा’ असे लाल खुणेचे संदेश सुरू होतात. फोनमध्ये व्हायरस नसतो, असतो तो एका वेबसाइटने पाठवलेला मजकूर.

अशी नोटिफिकेशन आली की तिच्यावर टॅप करू नका. बोट ठेवून जरा दाबून धरा किंवा तिचा छोटा बाण उघडा. बारीक अक्षरात ‘क्रोम’ आणि शेजारी साइटचं नाव दिसेल. ते नाव लिहून घ्या.

आता क्रोम उघडा, वरच्या तीन ठिपक्यांवर टॅप करा आणि सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असे जा. इथे दोन वेगळी कामं आहेत.

पहिलं काम: खाली परवानगी दिलेल्या साइट्सची यादी आहे. एकेक साइट उघडा आणि ती बंद करा. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट बंद करायची, विचार करत बसायचं नाही. बातम्यांच्या साइटचे संदेश खरोखरच हवे असतील तर तेवढी एक ठेवा.

दुसरं काम: वरचं मुख्य बटण बंद करा, म्हणजे नव्या साइट्स परवानगी मागायलाच येणार नाहीत.

सावध: बहुतेक जण नेमकं दुसरंच काम करतात आणि पहिलं विसरतात. वरचं बटण बंद केल्याने जुन्या परवानग्या रद्द होत नाहीत. ‘मी बंद केलंय, तरी येतंय’ या तक्रारीमागे सहसा एवढंच असतं.

कॉम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यात खाली तसलेच संदेश येत असतील तर तिथल्या क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्येही हेच करा. एज आणि फायरफॉक्सच्या याद्या वेगळ्या असतात. मशीनवर जितके ब्राउझर आहेत तितक्या याद्या तपासाव्या लागतील.

आयफोनवर हाच प्रकार कॅलेंडरमधून होतो. नकळत एखादं कॅलेंडर सबस्क्राइब झालं की दिवसभर व्हायरसच्या ‘आठवणी’ येत राहतात. कॅलेंडर ॲपमध्ये खाली ‘कॅलेंडर्स’ उघडा, अनोळखी नावापुढच्या ‘आय’ खुणेवर टॅप करा आणि ते अनसबस्क्राइब करा.

तपासा: फोन बंद करून चालू करा आणि अर्धा दिवस थांबा. पडद्यातले संदेश थांबले असतील तरच पुढे जा.

टप्पा ३: कोणतं ॲप जाहिरात उघडतंय ते पकडा

हा सर्वांत चिकट भाग, कारण असं ॲप स्वतःची ओळख लपवतं. काहींचं आयकॉन होम स्क्रीनवर दिसतही नाही.

१. पूर्ण स्क्रीनची जाहिरात आली की ती बंद करायची घाई करू नका. आधी ‘रिसेंट’ बटण दाबा किंवा खालून वर ओढून थांबा. जाहिरातीच्या कार्डावर कोणत्या ॲपचं आयकॉन आहे ते पाहा.

२. आयकॉन कोरं असेल तर लगेच सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ उघडा. तिथे नुकत्याच उघडलेल्या ॲप्सची यादी असते. तुम्ही न उघडलेलं नाव तिथे वर दिसत असेल तर संशय त्याच्यावर घ्या.

३. सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स असे जा. दुसऱ्या ॲपवर स्वतःची खिडकी उघडायची परवानगी कुणाकुणाकडे आहे ते इथे कळतं. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, वॉलपेपर, बॅटरी वाचवणारं, आवाज वाढवणारं अशांना या परवानगीची काहीही गरज नाही. सगळी बंद करा.

४. आता संशयित ॲप अनइन्स्टॉल करा. बटण फिकट दिसत असेल आणि दाबलं जात नसेल तर ते ॲप ‘डिव्हाइस ॲडमिन’ होऊन बसलंय. शोधपट्टीत ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’ टाका, तिथे त्याची खूण काढा आणि मग अनइन्स्टॉल करा.

५. शेवटी ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडा आणि ‘डाउनलोडेड ॲप्स’ पाहा. या परवानगीने ॲपला स्क्रीनवरचा मजकूर वाचता येतो आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. टॉर्चच्या ॲपकडे ही परवानगी दिसली तर ते त्याच मिनिटाला काढा आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

एवढं करूनही सापडत नसेल तर सेफ मोड वापरा. बऱ्याच फोनवर पॉवर बटण धरून ठेवलं, की आलेल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरायचं आणि सेफ मोडला हो म्हणायचं. या अवस्थेत फोन चालतो, पण तुम्ही टाकलेली ॲप्स चालत नाहीत. जाहिराती थांबल्या तर दोष टाकलेल्या ॲपचा. मग सर्वांत अलीकडे आलेल्या ॲपपासून मागे मागे जात एकेक काढा, आणि प्रत्येक वेळी फोन नेहमीसारखा चालू करून पाहा. होम स्क्रीनवरचे विजेट सेफ मोडनंतर पुन्हा लावावे लागू शकतात.

सावध: दोन-तीन ॲप्स एकदम काढू नका. जाहिरात थांबेल, पण दोषी कोण ते कळणार नाही, आणि कामाचं ॲप परत टाकताना दोषीही परत येईल.

टॉर्च आता फोनच्या वरच्या पडद्यातच असतो आणि बहुतेक फोनचा कॅमेरा क्यूआर कोड स्वतः वाचतो. या दोन कामांसाठी वेगळं ॲप ठेवण्याचं कारणच उरलेलं नाही. ‘क्लीनर’ तर मुळातच नको. मेमरी सांभाळण्याचं काम अँड्रॉइड स्वतः करतं.

टप्पा ४: फोनसोबत आलेल्या जाहिराती

पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर विकणाऱ्याने जाहिरात लावावी हे मला अजिबात मान्य नाही. पण स्वस्त फोनमध्ये हा प्रकार रूढ आहे, आणि ती बटणं खोलवर लपवलेली असतात. फोन नवा असतानाच हे काम उरकावं.

लॉक स्क्रीनवर रोज नवं चित्र आणि त्याखाली बातमीचा मथळा येत असेल तर सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीन किंवा वॉलपेपर विभागात जाऊन ती सेवा बंद करा आणि स्वतःचा फोटो लावा. फाइल मॅनेजर, म्युझिक, थीम्स आणि कंपनीचा ब्राउझर यांच्या सेटिंग्ज वेगवेगळ्या उघडा आणि ‘रेकमेंडेशन्स’ शब्द दिसेल तिथे तो बंद करा. जाहिरातीला तिथे जाहिरात म्हणत नाहीत, शिफारस म्हणतात. म्हणूनच लोकांना ते बटण सापडत नाही.

त्यानंतर जाहिरात-ओळख पुसा. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक फोनला जाहिरातींसाठी एक लांबलचक ओळख-क्रमांक असतो आणि त्याच्या आधारे वेगवेगळी ॲप्स तुमच्या सवयी जोडत जातात. सेटिंग्ज, गूगल, ॲड्स असे जा आणि ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ निवडा. मग तो क्रमांक मागणाऱ्या ॲपला नुसती शून्यं मिळतात. आयफोनवर प्रायव्हसीमधल्या ‘ट्रॅकिंग’मध्ये जाऊन ॲप्सना विचारायची मुभाच बंद करा. माग काढण्याआधी ॲपने परवानगी मागायचं बंधन एप्रिल २०२१ च्या आयओएस १४.५ पासून नीट लागू झालं.

सावध: यामुळे जाहिरातींची संख्या कमी होत नाही, फक्त त्या तुमच्या मागावर राहत नाहीत. एक दिवस चपला पाहिल्या म्हणून आठवडाभर चपलाच दिसणं त्यामुळे कमी होतं.

टप्पा ५: ब्राउझरमधला ब्लॉकर

इथे नाव नीट वाचा. ‘यूब्लॉक’ आणि ‘यूब्लॉक ओरिजिन’ ही दोन वेगळी साधनं आहेत. हवं आहे ते ‘ओरिजिन’, रेमंड हिल यांनी बनवलेलं, मोफत आणि खुल्या स्रोताचं. मिळत्याजुळत्या नावाची नक्कल टाकणं ही या टप्प्यावरची सर्वांत जास्त होणारी चूक.

फायरफॉक्सवर ते कॉम्प्युटर आणि अँड्रॉइड दोन्हीकडे पूर्ण ताकदीने चालतं. मेनूतून ‘एक्स्टेन्शन्स’ (ब्राउझरला जोडायची छोटी साधनं) उघडा, शोधा, टाका, संपलं. क्रोमचं मात्र बदललंय. एक्स्टेन्शनच्या जुन्या रचनेला गूगलने टप्प्याटप्प्याने रजा दिली आणि २०२५ मध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिन क्रोमवर चालेनासं झालं. तिथे त्याच लेखकाचं ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ मिळतं. रोजच्या वाचनाला ते पुरतं, फक्त त्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑप्टिमल’ निवडा. फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकताच येत नाही, त्यामुळे फोनवर वाचायला फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह वापरा.

दोन ब्लॉकर एकत्र टाकू नका. ते एकमेकांच्या पायात येतात आणि पानं मोडतात. तिकीट काढताना किंवा पैसे भरताना पान अडकलं तर ब्लॉकरच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटपुरता तो बंद करा आणि पान पुन्हा उघडा. पैसे कापले गेले असतील तर मात्र पान पुन्हा पुन्हा उघडू नका, आधी बँकेचा मेसेज पाहा.

ब्लॉकर वापरणं अप्रामाणिकपणाचं आहे का, असं मला विचारतात. माझं मत पक्कं आहे: जाहिरातीच्या जागेतून फसवणूक येते तोवर वाचकाने दार लावून घ्यावं. अमेरिकेच्या एफबीआयनेसुद्धा डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना ॲड ब्लॉकर वापरायचा सल्ला दिला, कारण गुन्हेगार सर्च इंजिनवर जाहिराती विकत घेऊन ओळखीच्या कंपन्यांची सोंगं घेत होते. पण ज्या मराठी साइटचं लेखन तुम्ही आवडीने वाचता आणि जिच्या जाहिराती मजकुरावर चढत नाहीत, तिच्यापुरता ब्लॉकर बंद ठेवा. वर्गणी मागत असेल तर ती भरा.

टप्पा ६: प्रायव्हेट डीएनएस

ॲप्सच्या आतल्या बऱ्याच जाहिराती यामुळे थांबतात, आणि त्यासाठी काहीही डाउनलोड करावं लागत नाही. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा; ती स्वतः निवडायची ही सोय अँड्रॉइड ९ पासून आहे. जाहिरात पुरवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता ॲपने विचारला की त्याला उत्तरच मिळत नाही, एवढंच यात घडतं.

१. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा.

२. होस्टनेमचा पर्याय निवडा.

३. इंग्रजी लहान अक्षरांत हा पत्ता टाका: डीएनएस डॉट ॲडगार्ड-डीएनएस डॉट कॉम (dns.adguard-dns.com). ‘ॲडगार्ड’ आणि ‘डीएनएस’ यांच्या मध्ये आडवी रेघ आहे. आधी एचटीटीपीएस लिहायचं नाही, शेवटी मोकळी जागा सोडायची नाही, आकड्यांचा आयपी पत्ताही इथे चालत नाही.

४. सेव्ह करा. लगेच एक बातम्यांची साइट, एक यूपीआय ॲप आणि बँकेचं ॲप उघडून पाहा. तिन्ही चालली तरच फोन मालकाच्या हातात परत द्या.

यात एक देवाणघेवाण आहे ती समजून करा. तुम्ही कोणत्या साइट्सचे पत्ते विचारता ते आता ॲडगार्डच्या या सेवेला दिसतं. आधी ते तुमच्या मोबाइल कंपनीला दिसायचं. मला ही अदलाबदल पटते, तुम्हाला पटत नसेल तर टप्पा ५ वर थांबा.

सावध: रेल्वे स्टेशन, हॉटेल किंवा हॉस्पिटलच्या वाय-फायवर आधी लॉगिनचं पान उघडावं लागतं. प्रायव्हेट डीएनएस चालू असताना ते पान कधीकधी उघडत नाही आणि ‘इंटरनेट नाही’ असं दिसतं. तेवढ्यापुरतं ‘ऑटोमॅटिक’ करा, लॉगिन झालं की पुन्हा पत्ता निवडा. घरातल्या ज्येष्ठांना ही एक गोष्ट कागदावर लिहून द्या, नाहीतर प्रवासात ते अडकतील.

यूट्यूबच्या जाहिराती याने थांबत नाहीत. व्हिडिओ आणि जाहिरात एकाच कंपनीच्या त्याच सर्व्हरांवरून येतात, पत्ता अडवला तर व्हिडिओही जाईल. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या पोस्टांमधल्या जाहिरातींचंही तेच. तसं आश्वासन देणारी बाहेरून मिळणारी ॲप्स टाकू नका. त्यात गूगल खात्याने लॉगिन करणं म्हणजे खात्याची किल्ली अनोळखी माणसाला देणं आहे.

टप्पा ७: विंडोज ११

हे पटकन होतं. पर्सनलायझेशनमध्ये ‘स्टार्ट’ उघडून टिप्स आणि नव्या ॲप्सच्या शिफारशी बंद करा. लॉक स्क्रीनवर ‘स्पॉटलाइट’ऐवजी ‘पिक्चर’ निवडा. प्रायव्हसीमध्ये जाहिरात-ओळखीचं बटण बंद करा. सिस्टीम, नोटिफिकेशन्स इथे अगदी तळाशी ‘ॲडिशनल सेटिंग्ज’ आहे, त्यातल्या सगळ्या खुणा काढा. मोठं अपडेट झालं की हे एकदा परत पाहा.

पूर्ण स्क्रीनवर ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’ असं पान भोंग्यासह आलं तर फोन करू नका. एस्केप बटण धरून ठेवा. तरी हटलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. ब्राउझर परत उघडल्यावर ‘रिस्टोर पेजेस’ विचारेल, तिथे नाही म्हणा. हो म्हटलं की तेच पान परत येतं आणि माणूस घाबरून नंबर लावतो.

टप्पा ८: सर्चमधली जाहिरात आणि तक्रार

ब्लॉकर नसलेल्या फोनवर सर्चच्या यादीत वरती ‘प्रायोजित’ असं लिहिलेले दुवे असतात. कस्टमर केअरचा नंबर तिथून कधीही घेऊ नका. तो बिलावर, कार्डाच्या मागे किंवा त्या कंपनीच्या ॲपमध्ये पाहा. सातबारा, दाखले, निकाल यांसाठी पत्त्याचा शेवट वाचायची सवय लावा. सरकारी साइटचा पत्ता सहसा ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. हे शब्द पत्त्याच्या मध्ये कुठेतरी घुसवून शेवट वेगळा ठेवणं ही नेहमीची चलाखी आहे. कुणी दुरून स्क्रीन पाहण्याचं ॲप टाकायला सांगितलं तर तिथेच फोन ठेवा.

पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम जवळ ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या साइटवरच्या ‘चक्षू’ या तक्रार-सोयीत नोंद करा.

सदस्यत्व रद्द करायचं बटणच सापडत नसेल, जाहिरात बातमीच्या वेशात दाखवली जात असेल किंवा ‘नाही’ म्हटल्यावरही तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल तर ते मुकाट्याने सहन करू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अशा १३ प्रकारांना अनुचित ठरवलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तक्रार करताना पहिल्या दिवशी घेतलेले ते स्क्रीनशॉट जोडा, तारीख आणि वेळ दिसेल असे.